जाधव, भास्करराव विठोजीराव

(१८६७–१९५०). सत्यशोधक नेते व मुंबई प्रांताचे मंत्री. अलिबागजवळच्या नागावचा हा बुद्धिमान विद्यार्थी एम.ए., एलएल.बी. होऊन १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या चाकरीत आला आणि कोल्हापूरचाच झाला. १९०२ साली महाराजांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवल्या, पण त्या भरायला शिकलेली माणसे हवी होती. भास्कररावांसारख्या अधिकाऱ्याचे मोल त्यातच आहे. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, तेव्हा ते अध्यक्ष होते. भटजीवाचून धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांनी ‘घरचा पुरोहित’ लिहिले. त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत धीट म्हणावे लागेल.

कोल्हापूर संस्थान मुंबई कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर होते, त्यामुळे त्यांचे पुढचे राजकारण ब्रिटिश मुलखात घडले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी शिक्षण, शेती ही खाती लोकप्रतिनिधींकडे आली. ब्राह्मणेतर पक्षाच्या वतीने ते १९२३ ते १९२६ शिक्षणमंत्री झाले, पुढे शेतीमंत्रीही. पहिल्या गोलमेज परिषदेलाही ते प्रतिनिधी म्हणून गेले होते.