लोहपुरुषांची पहिली शर्यत

इ. स. १९७७ सालीं हवाई द्वीपसमूहांतील ओआहू बेटावर धांवण्याच्या एका सामूहिक शर्यतीचा बक्षीससमारंभ चालू होता. खेळाडूंचा मेळा जमला कीं वाद हा ठेवलेलाच. खरा सुदृढ कोण, पोहणारा कीं धांवणारा? दोन्ही पक्षांचे कैवारी हिरीरीनें बोलूं लागले. तेव्हां अमेरिकन आरमारांतील अधिकारी जॉन कॉलिन्स ह्यांनीं तिसराच मुद्दा काढला. बेल्जमचा सायकलपटु एडी मर्क्स ह्याची प्राणवायु शोषून घेण्याची शक्ति असामान्य असल्याचें त्यांच्या वाचनांत आलें होतें. मग सायकलस्वारांनाहि ह्या पंक्तीला कां बसवूं नये? वाद तोंडानें मिटेना. म्हणून कॉलिन्स ह्यांनीं तोडगा सुचविला कीं, बेटावर होणाऱ्या तीन निरनिराळ्या शर्यती एकाच माणसानें एकाच दिवशीं ओळीनें पुऱ्या कराव्या, आणि जो पहिला येईल त्यास ‘आयर्नमॅन’, म्हणजे लोहपुरुष, म्हणावें. सभेंत हंशा पिकला.

तीन खेळ एकत्र जोडण्याची कल्पना मात्र अगदींच नवी नव्हती. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथील मिशन बेच्या कांठीं तशी एक शर्यत झाली होती. तींत ४६ जण उतरले होते, व स्वतः कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जूडी हीं दोघेंहि त्यांत होतीं. पण तेथील अंतरें बेताचीं होतीं. पहिला आलेला गृहस्थ तासाच्या आंत मोकळा झाला. ओआहूचा बेत निराळा होता. वैकीकीच्या समुद्रांत २.४ मैल पोहावयाचें, नंतर सायकलीनें बेटाला वळसा घालावयाचा, आणि शेवटीं होनोलुलूची २६.२ मैलांची मॅरेथॉन धांवावयाची. सायकलीचा तो वळसा मुळांत ११५ मैलांचा असून सायकलस्वार तो दोन दिवसांत पुरा करीत. त्यांतले तीन मैल कमी केले म्हणजे रस्ता नेमका मॅरेथॉनच्या आरंभस्थळाशीं येऊन संपे. आज जगभर वेदवाक्यासारखा मानला जाणारा ११२ मैलांचा आंकडा अशा सोयीसाठीं केलेल्या काटछाटींतून निघाला आहे!

१८ फेब्रुवारी १९७८ रोजीं सकाळीं वैकीकीच्या वाळूवर पंधरा पुरुष उभे राहिले. इतकें अंतर एका दिवसांत कोणाच्या हातून पुरें होईल कीं नाहीं, ह्याची खात्री त्यांपैकीं कोणालाच नव्हती. वाटेंत पाण्याचीं ठाणीं नव्हतीं. ज्यानें त्यानें आपला मदतनीस आणावयाचा, आणि खाणेंपिणें त्यानेंच पुरवावयाचें. डेव्ह ऑर्लोव्स्की ह्या तरुण सैनिकाची सायकल तर दुसऱ्याकडून मागून आणलेली होती. वाटेंत कांहीं खावयाला मिळावें म्हणून तो गुडघ्यावर कापलेल्या विजारीच्या खिशांत पैसे ठेवून निघाला, व तिसरा आला.

पाण्यांतून प्रथम बाहेर पडला आर्ची हपाई. सायकलीचा टप्पा संपला तेव्हां मात्र आरमाराच्या सीलपथकांतला जॉन डनबार आघाडीवर होता, आणि गॉर्डन हॅलर त्याच्या पाठीवर. मॅरेथॉनमध्यें डनबारच्या मदतनिसांजवळचें पाणी संपलें. पाणी नाहीं म्हणून त्यांनीं त्याला बिअर पाजली! दहा तास राबलेल्या देहावर तिचा काय परिणाम झाला असेल, हें सांगावयास नकोच. हॅलर पुढें निघून गेला व ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत त्यानें शर्यत जिंकली. डनबार ३३ मिनिटांनीं मागाहून आला. पोहण्यांत सर्वांच्या पुढें असलेला हपाई शेवटीं दहावा ठरला. तेव्हां धांवणाऱ्यांच्या पक्षाला मिशीवर ताव देण्यास हरकत नव्हती. अर्थात् पंधरा माणसांवरून असल्या प्रश्नाचा निकाल लावणें धाडसाचेंच होय. बारा जण शेवटपर्यंत पोंचले, आणि त्यांतला बारावा तर २१ तासांनीं.

पहिल्या वर्षीं एकहि स्त्री नव्हती. दुसऱ्या वर्षीं लिन लेमेर ही सायकलपटु उतरली. १९७९ च्या जानेवारींत वादळामुळें शर्यत एक दिवस पुढें ढकलावी लागली होती. तशा खवळलेल्या हवेंतहि ती बारा तास पंचावन्न मिनिटांत, सर्व पुरुषांसकट पांचवी आली. ‘लोहपुरुष’ हा शब्द अपुरा पडावयास असें एकच वर्ष लागलें.

पुढचा विस्तार झपाट्यानें झाला. १९८० सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीनें शर्यत दाखविली. १९८१ सालीं ती रहदारीच्या ओआहूहून हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना येथें हलविण्यांत आली. आपल्याकडील पोहणारे मिलिंद सोमण ह्यांनीं २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना, झुरिक येथील शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. १९७८ च्या त्या बारांत ते सातवे आले असते. २०१९ मध्यें गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची शर्यतहि झाली.

अलीकडे पूर्ण अंतराच्या शर्यतीला बहुधा १७ तासांची मुदत असते. मुदत टळली कीं, शर्यत पुरी केल्याची नोंद होत नाहीं. हा नियम १९७८ सालीं असता तर बारांपैकीं चौघांचीं नांवें गळालीं असतीं. त्यांत हपाई होता. आणि त्यांतच होते नववे आलेले जॉन कॉलिन्स: १७ तास, ० मिनिटें, ३८ सेकंद.