‘उत्तेजक’ : एका शब्दाचा अर्थप्रवास

प्रस्तावना

महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेचा निकाल जाहीर होतो तेव्हा पहिल्या तीन क्रमांकांनंतर ‘उत्तेजनार्थ’ पारितोषिकाची घोषणा होते आणि विजेता विद्यार्थी आनंदाने व्यासपीठावर येतो. त्याच आठवड्याच्या वर्तमानपत्रात क्रीडापानावर एखादा खेळाडू ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ ठरल्याची बातमी असते आणि त्या खेळाडूची कारकीर्द संपुष्टात येण्याची चिन्हे दिसू लागतात. एकाच शब्दकुळातील हे दोन प्रयोग आहेत. एक पाठीवर थाप देणारा, दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा. या दोन टोकांमधील अंतर मराठी भाषेने कसे कापले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. शरीरात जाणाऱ्या पदार्थांविषयी समाज कोणत्या शब्दांत विचार करतो, हेही त्यातून स्पष्ट होते.

धार लावणे

‘उत्तेजन’ हा शब्द ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘तिज्’ हा धातू यांपासून सिद्ध होतो. ‘तिज्’ म्हणजे धार लावणे, तीक्ष्ण करणे. तेज, तीक्ष्ण, तिग्म हे शब्द याच धातूचे. विशेष म्हणजे ‘तितिक्षा’, म्हणजे सहनशीलता, हा शब्दही याच धातूपासून आला आहे. तेव्हा उत्तेजन म्हणजे मूलतः बोथट झालेल्या गोष्टीला पुन्हा धार आणणे. त्यात ना नशा आहे, ना कामुकता, ना फसवणूक.

औषधिद्रव्यांचा वर्ग म्हणून मात्र हा शब्द आपल्या जुन्या वैद्यकात आढळत नाही. साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत द्रव्यांचे त्यांच्या क्रियेनुसार वर्ग केले आहेत. दीपन, पाचन, रसायन यांच्या बरोबरीने तेथे व्यवायी, विकाशी आणि मदकारी असे वर्ग येतात. भांग आणि अफू व्यवायी, सुपारी विकाशी, तर मद्य मदकारी. म्हणजे ज्या पदार्थांना आज आपण सरसकट ‘व्यसनाचे पदार्थ’ म्हणतो, त्यांच्यात या ग्रंथाने क्रियेवरून भेद केला होता. ‘उत्तेजक’ नावाचा वर्ग त्याला लागला नाही.

संस्थांच्या नावातील उत्तेजन

या शब्दाचा खरा उत्कर्ष एकोणिसाव्या शतकात झाला, आणि तो औषधांच्या नव्हे तर संस्थांच्या जगात. पुण्याच्या ज्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झाली, ती चालविणाऱ्या संस्थेचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. रानडे यांच्याच पुढाकाराने १८९४ मध्ये ‘डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी’ स्थापन झाली. पुढे ती ‘महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था’ म्हणून ओळखली गेली. मुंबईत १८७० च्या दशकात कैखुशरू काबराजी यांनी उभ्या केलेल्या पारशी नाटक कंपनीचे नावही ‘नाटक उत्तेजक मंडळी’ असेच होते. वक्तृत्व, ग्रंथ, नाटक या साऱ्यांना उत्तेजन हवे, असे त्या पिढीला वाटत होते.

असे का वाटावे? पेशवाईच्या अस्तापर्यंत विद्या आणि कला ‘आश्रया’वर जगत. आश्रय देणारा वर आणि घेणारा खाली, असा तो संबंध होता. १८१८ नंतर हा आधार खचला. पेशव्यांच्या दक्षिणेचा काही भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळविण्यात आला, तेव्हा दानाची जागा स्पर्धेने घेतली. वर्गणी, परीक्षक, बक्षीस आणि जाहीर सभा या नव्या व्यवस्थेला ‘आश्रय’ हा शब्द पुरेना. आश्रयात गुणाचा सांभाळ होतो; उत्तेजनात गुण आधीच आहे, त्याला फक्त धार लावायची आहे, असे गृहीत असते. आजचे ‘उत्तेजनार्थ’ पारितोषिक त्या काळाचा शिल्लक राहिलेला अवशेष होय, जरी विद्यार्थी त्याचा अर्थ ‘थोडक्यात हुकले’ एवढाच घेत असले तरी.

चहाचा पेला

याच काळात पाश्चात्त्य वैद्यकातील ‘स्टिम्युलंट’ ही कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबर येथे येत होती. एडिंबरा येथील जॉन ब्राऊन या वैद्याने १७८० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार जीवन हीच उद्दीपनाची अवस्था होती आणि बहुतेक रोग उद्दीपन कमी पडल्याने होत. त्यामुळे वाइन आणि अफू ही त्याच्या मते उत्तम उद्दीपके ठरली. पुढे एकोणिसाव्या शतकात तापाच्या रोग्यालाही ब्रँडी देण्याची पद्धत रूढ झाली, आणि इंग्रजी शिष्टाचारात ‘स्टिम्युलंट’ हा शब्द दारूचे सभ्य नावच बनला. आजच्या औषधशास्त्रानुसार हे वर्गीकरण चुकीचे आहे. अल्कोहोल आणि अफू दोन्ही मज्जासंस्थेला मंदावतात. मराठीने येथे इंग्रजीचा कित्ता गिरवला नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. मराठीत दारूला ‘मादक’ हेच विशेषण चिकटून राहिले. शास्त्रीय कसोटीवर आपला जुना शब्द अधिक टिकाऊ ठरला.

परंतु जो पदार्थ खरोखर उत्तेजक आहे, त्याचे काय? १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधील कार्यक्रमात रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींना चहा देण्यात आला. गोपाळराव जोशी यांनी हे प्रकरण उघडकीस आणले, उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली, वाद शंकराचार्यांपर्यंत पोहोचला आणि प्रायश्चित्तावरून पुण्यातील समाजजीवन ढवळून निघाले. त्या वादात चहा दोषी होता तो ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा म्हणून. त्यातील कॅफीन १८१९ मध्येच जर्मन रसायनतज्ज्ञ रुंगे यांनी वेगळे केले होते. पण पुण्यातील वादाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. प्रश्न स्पर्शाचा होता, परिणामाचा नव्हता. वक्तृत्वाला उत्तेजन देणारे रानडे चहाच्या पेल्यामुळे बहिष्काराच्या छायेत आले, आणि त्या चहाला मात्र कोणी उत्तेजक म्हटले नाही. पुढे १९०३ मध्ये चहावर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा पद्धतशीर प्रचार सुरू झाला. चहाने घरे जिंकली. पुण्यातील चहाच्या दुकानांना ‘अमृततुल्य’ हे नाव मिळाले. चहाने ‘तरतरी’ येते, न मिळाल्यास ‘तलफ’ येते. उत्तेजना येते असे मराठी माणूस कधी म्हणत नाही.

मैदानावरील गफलत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्दाला नवे वळण मिळाले. सायकलपटू टॉम सिम्प्सन यांचा १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये अँफेटामीन घेतलेल्या अवस्थेत मृत्यू झाला. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. मराठी पत्रकारितेने ‘डोपिंग’साठी ‘उत्तेजक द्रव्यसेवन’ हा शब्दप्रयोग रूढ केला. अँफेटामीनच्या संदर्भात तो योग्यच होता. परंतु ऑलिंपिकमध्ये अशा चाचणीवरून बाद झालेला पहिला खेळाडू, स्वीडनचा हान्स-गुन्नर लिल्येनवाल, याच्या शरीरात १९६८ मध्ये सापडले होते अल्कोहोल. नेमबाजीपूर्वी मन शांत व्हावे म्हणून आपण बिअर प्यायलो, असे त्याने सांगितले. त्याच्या संघाला कांस्यपदक परत करावे लागले. १९८८ मध्ये सोल येथे बेन जॉन्सन दोषी ठरला तो स्टॅनोझोलॉल या स्नायू वाढविणाऱ्या स्टेरॉइडमुळे. नेमबाजीत बंदी असलेली बीटा-ब्लॉकर औषधे तर हृदयाचे ठोके मंद करतात. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या वाडा या जागतिक संस्थेच्या यादीत उत्तेजके हा अनेक वर्गांपैकी केवळ एक वर्ग आहे. तरीही आमच्या भाषेत सारेच ‘उत्तेजक’.

ही गफलत निरुपद्रवी नाही. खेळाडू विद्यार्थ्याला ‘उत्तेजक घेऊ नकोस’ असे बजावले, तर त्याच्या डोळ्यांसमोर कोठलेतरी चोरटे इंजेक्शन उभे राहते. सर्दीची गोळी उभी राहत नाही. २००० मध्ये सिडनी येथे रोमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेआ रादुकान हिचे जिम्नॅस्टिक्सचे सुवर्णपदक गेले ते संघाच्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्दीच्या गोळीमुळे. त्यात स्यूडोएफेड्रिन होते, आणि ते खऱ्या अर्थाने उत्तेजक आहे. ते २००४ मध्ये यादीतून वगळले गेले, २०१० मध्ये ठरावीक मर्यादेसह पुन्हा आले. कॅफीनवरील मर्यादाही २००४ मध्येच उठली. नियम बदलत राहतात. शब्द मात्र तोच, आणि तोही चुकीच्या वस्तूंकडे बोट दाखवणारा. माझ्या मते क्रीडाक्षेत्रात ‘प्रतिबंधित द्रव्ये’ असे सरळ म्हणणेच इष्ट आहे.

समाजशास्त्राच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सर्वेक्षणांतही हीच अडचण येते. पहाटे उठून मशेरी लावणाऱ्या स्त्रीला ‘आपण उत्तेजक पदार्थांचे सेवन करता का?’ असा छापील प्रश्न विचारला, तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटे नसेल. भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे. त्यातील निकोटिन तिच्या शब्दकोशात नाही. शेतावर तंबाखूची चिमूट धरणारा तिचा पतीही ‘नाही’च म्हणेल. विद्यार्थी प्रामाणिकपणे दोन्ही उत्तरे लिहून आणतात, तक्ते तयार होतात आणि त्यावरून टक्केवारी काढली जाते. अशा प्रश्नावलीत मशेरी, तपकीर, तंबाखू, सुपारी आणि दिवसातून किती कप चहा, अशी एकेक वस्तू तिच्या घरगुती नावाने विचारली पाहिजे.