सूचीतला तांबडा रंग

वयाची पन्नाशी उलटल्यावर मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात भूगोल आणि नकाशाशास्त्राच्या वर्गात नाव घातले. अशा महाविद्यालयांची परंपरा १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट येथे सुरू झाली. वयाची वा गुणांची अट नाही, शुल्क बेताचे. संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारी एक बसचालक बसत. जन्माने ओकलंडचे.

आम्हा दोघांना मिळून एक काम मिळाले : ओकलंडचा १९३७चा नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा. जुन्या कागदाच्या चित्राला संगणकाच्या लेखी अक्षांश-रेखांश नसतात. म्हणून त्यावरचा एखादा चौक हेरायचा, आजच्या नकाशावरचा तोच चौक शोधायचा आणि दोन्ही एकमेकांना टाचायचे. असे पंधरा-वीस चौक जुळले, की जुना कागद ताणला जाऊन जागेवर बसतो.

हा नकाशा होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचा. महामंदीत घरे गमावू लागलेल्या कर्जदारांसाठी १९३३ मध्ये सरकारने ही संस्था काढली. पुढे १९३५ ते १९४० या काळात तिने दोनशेहून अधिक शहरांतल्या वस्त्यांची प्रतवारी केली. हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरता, तांबडा धोक्याचा. प्रत्येक वस्तीच्या तपशिलात घरांची अवस्था नोंदलेली असे; तसेच परदेशात जन्मलेले किती, कृष्णवर्णीय किती, याचेही रकाने असत.

पश्चिम ओकलंड तांबडे होते. आम्ही त्यावर आणखी एक थर चढवला : १९५७ मध्ये याच भागातून नेलेला दुमजली सायप्रस महामार्ग. १९८९च्या भूकंपात तो कोसळला आणि ४२ माणसे दगावली. बसचालकांनी पडद्यावर बोट ठेवले. "इथं माझी आजी राहायची," ते म्हणाले. मग विचारले, "हा रंग ठरवताना तिला कुणी विचारलं असेल का?"

या एका नकाशानेच वस्ती बुडाली, असे म्हणता येत नाही. संस्थेची बहुतेक कर्जे नकाशे रंगवण्याआधीच दिली गेली होती, आणि घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी खात्याचे पक्षपाती निकष वेगळे होते. घरविक्री आणि गृहकर्जातला वर्णभेद कायद्याने निषिद्ध ठरला तो १९६८ मध्ये. पण दलाल आणि सावकार जे आधीपासून मानत होते, त्याला या नकाशाने सूची दिली, सरकारी शिक्का दिला.

आजीबद्दलच्या त्या प्रश्नाने मला माझ्या गावी नेले. चौथीत गुरुजींनी गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. मी शाळा, देऊळ, चावडी, पाणवठा सगळे दाखवले. ओढ्यापलीकडचा महारवाडा दाखवला नाही. मुद्दाम वगळला असेही नाही. तो काढायचा असतो हे सुचलेच नाही. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. माझ्या नकाशात तर बदलायलाही नाव नव्हते.

सत्र संपताना प्रत्येकाला स्वतःच्या आवडीच्या ठिकाणाचा एक नकाशा सादर करायचा होता. मी गाव निवडले. ओढ्यापाशी पोहोचल्यावर हात थांबला. पलीकडच्या गल्ल्या मला आठवत नव्हत्या, कारण मी तिथे कधी गेलोच नव्हतो. शेवटी चौथीतल्या माझ्या वर्गमित्राला गावी फोन लावला. त्याने एकेक घर सांगितले, मी काढत गेलो. नकाशाच्या कोपऱ्यात माहितीचा स्रोत लिहावा लागतो. तिथे त्याचे नाव आहे.