बाहेर उघडणारे दार

चित्रपटगृहातले दिवे मालवले की आपले लक्ष पडद्याकडे जाते. तरीही अंधारात एक गोष्ट डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत दिसत राहते. ती म्हणजे बाजूच्या दारांवरची उजळलेली अक्षरे: ‘बाहेर’. त्या अक्षरांकडे आपण क्वचितच बघतो. ते दार आत न उघडता बाहेरच का उघडते, त्यावर कडीऐवजी आडवी दांडी का असते, प्रोजेक्टरसाठी वेगळी भिंतबंद खोली का असते, असे प्रश्नही आपल्याला सहसा पडत नाहीत. जुनी नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे यांच्याविषयी लिहिताना झुंबरे, मखमली पडदे, सोनेरी कमानी यांचे वर्णन नेहमी येते. या लेखात आपण त्याच इमारतींच्या दारांचा इतिहास पाहू. तो मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घडला, पण त्याचा धडा आपल्या गावापर्यंत आणि वर्गापर्यंत येऊन पोहोचतो.

गावोगावची ऑपेरा हाऊसे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रेल्वेचे जाळे पसरले. रेल्वेबरोबर नाटक कंपन्या, गायक, जादूगार, व्याख्याते गावोगाव फिरू लागले. त्यांच्यासाठी लहान लहान गावांनीही सभागृहे बांधली आणि त्यांना ‘ऑपेरा हाऊस’ असे भारदस्त नाव दिले. प्रत्यक्षात तिथे ऑपेरा क्वचितच होई. ‘थिएटर’ या शब्दाला तेव्हाच्या धार्मिक मंडळींत बदनामी चिकटलेली होती. ‘ऑपेरा हाऊस’ म्हटले की घरंदाज कुटुंबेही निःशंक मनाने येत. नाटके, व्याख्याने, शाळेचे पदवीदान, गावसभा असे सारे याच जागेत चाले.

यांतली पुष्कळशी सभागृहे इमारतीच्या वरच्या मजल्यावर असत. तळमजल्यावर दुकाने किंवा बँक असे आणि त्यांच्या भाड्यातून खर्च निघे. व्यवहाराच्या दृष्टीने ही सोय चांगली होती. पण शेकडो माणसे वरच्या मजल्यावर, खाली उतरायला अरुंद जिना आणि उजेडासाठी रॉकेलचे किंवा गॅसचे दिवे, ही जुळणी किती धोक्याची आहे याचा विचार फारसा झाला नव्हता.

शिकागो, 1903

मोठ्या शहरांतली नाट्यगृहे याहून सुरक्षित आहेत, असा लोकांचा समज होता. शिकागोतले इरोक्वा थिएटर नोव्हेंबर 1903 मध्ये सुरू झाले तेव्हा ‘पूर्णपणे अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात झाली. जेमतेम पाच आठवड्यांनी, 30 डिसेंबर 1903 रोजी, दुपारच्या खेळाला ते खच्चून भरले होते. नाताळची सुट्टी असल्यामुळे प्रेक्षकांत बायका आणि मुलेच जास्त होती. रंगमंचावरच्या एका आर्क दिव्याची ठिणगी कापडी झालरीवर पडली. त्या आगीत 600 हून अधिक माणसे मेली.

इमारत मात्र उभीच राहिली. दुरुस्ती होऊन ती दुसऱ्या नावाने पुन्हा सुरूही झाली. म्हणजे ‘अग्निरोधक’ हा शब्द भिंतींपुरता खरा होता. मग माणसे कशाने मेली?

नाट्यगृहाची रचना डोळ्यांसमोर आणा. रंगमंचाच्या वर उंच पोकळी असते. रंगवलेले पडदे तिथे टांगलेले असतात. आग लागली तर गरम वायू हलके होऊन वर जातात. त्या पोकळीच्या छपराला झरोके असले आणि ते उघडले, तर ती पोकळी धुराड्यासारखे काम करते आणि धूर वरून निघून जातो. इरोक्वामध्ये हे झरोके बंद करून ठेवलेले होते. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडायचा अॅस्बेस्टॉसचा पडदा अर्ध्यावरच अडकला. नट-नट्यांनी जीव वाचवण्यासाठी रंगमंचामागचे मोठे दार उघडले आणि बाहेरची थंड हवा वेगाने आत शिरली. वर वाट नाही, मागून हवेचा लोट येतो आहे. आगीला एकच दिशा उरली होती. अडकलेल्या पडद्याखालून ज्वाळा आणि धूर प्रेक्षागृहात घुसले. गरम वायू वर चढतात, म्हणून सगळ्यांत जास्त माणसे वरच्या सज्जांत मेली.

बाहेर पडायची दारे तिथे होती, पण काही पडद्यांआड झाकलेली होती, त्यांवर नावे नव्हती आणि काहींची कडी प्रेक्षकांना उघडताच येईना. जिन्यांवर लोखंडी जाळ्यांची फाटकेही लावलेली होती. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाने खालच्या महाग जागी येऊन बसू नये, म्हणून ती कुलूपबंद ठेवत.

इथे आत उघडणाऱ्या दाराचाही विचार करायला हवा. दार आत ओढून उघडायचे तर पहिल्या माणसाला एक पाऊल मागे यावे लागते. रोजच्या व्यवहारात हे आपल्या लक्षातही येत नाही. पण मागून शंभर माणसे रेटत असतील, तर तो मागे येऊच शकत नाही. मागच्यांना दार दिसत नाही, म्हणून ते आणखी जोराने रेटतात. दाराला कुलूप नसले तरी गर्दीचा दाबच ते बंद ठेवतो. तेच दार बाहेर उघडणारे असेल, तर तोच दाब ते उघडतो.

इंडियानापोलिसमधल्या एका हार्डवेअर कंपनीतले कार्ल प्रिन्झलर हे त्या दिवशी इरोक्वाच्या खेळाला जाणार होते. कामामुळे त्यांचे जाणे राहून गेले. पुढे त्यांनी शेजारी राहणाऱ्या हेन्री ड्यूपॉन्ट या अभियंत्याच्या मदतीने एक कुलूप तयार करवले. त्याला आतल्या बाजूने आडवी दांडी असते. दांडीवर अंगाचा भार पडला की दार उघडते. किल्ली लागत नाही, उजेड लागत नाही, विचारही करावा लागत नाही. हे कुलूप 1908 मध्ये बाजारात आले. अशाच तत्त्वावरच्या कड्या ब्रिटनमध्ये त्याआधीही निघाल्या होत्या.

धडा गावापर्यंत पोहोचला नव्हता

मात्र त्याच 1908 सालच्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियातल्या बॉयरटाऊन या छोट्या गावात जे घडले, ते अधिक विचार करायला लावणारे आहे. तिथले रोड्स ऑपेरा हाऊस नेहमीप्रमाणे दुकानांच्या वरच्या मजल्यावर होते. 13 जानेवारीला तिथे चर्चच्या मंडळींनी बसवलेले नाटक होते. अंकांच्या मधल्या वेळात जादूच्या कंदिलाचा खेळ चालू होता. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 मध्ये ज्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले, त्याच जातीचा हा खेळ. कंदिलातून फुसफुस आवाज आला, लोक दचकले, गडबडीत रंगमंचाच्या कडेचे रॉकेलचे दिवे उलटले. बाहेर जायचे दार आत उघडणारे होते. आपत्कालीन जिन्याकडे जाणाऱ्या खिडक्या जमिनीपासून उंच होत्या आणि त्यांवर खूण नव्हती. एवढ्याशा गावातली 171 माणसे गेली.

शिकागोच्या आगीला तोवर चार वर्षे झाली होती. तिच्या बातम्या सर्व अमेरिकेने वाचल्या होत्या. शिकागोत नाट्यगृहांची तपासणी झाली होती, नियम बदलले होते. पण हे ज्ञान गावच्या सभागृहाच्या दारापर्यंत आले नव्हते. पेनसिल्व्हेनियाने सार्वजनिक इमारतींच्या सुरक्षिततेचा कायदा केला तो बॉयरटाऊननंतर, 1909 मध्ये.

अडीच मिनिटे

आता याच्या उलट उदाहरण. एडिंबरा शहरातल्या एम्पायर पॅलेस थिएटरमध्ये 9 मे 1911 रोजी ‘द ग्रेट लाफाएट’ या प्रसिद्ध जादूगाराचा खेळ चालू होता. शेवटी रंगमंचावर आग लागली. इथे अग्निरोधक पडदा खाली आला. वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले. खेळ संपल्यावर राष्ट्रगीत वाजते आणि आपण उठून निघतो, ही प्रेक्षकांची सवयच होती. सुमारे 3,000 प्रेक्षक सुमारे अडीच मिनिटांत सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र लाफाएट आणि त्याचे काही सहकारी मृत्युमुखी पडले.

‘अडीच मिनिटे’ हा आकडा पुढे ब्रिटनमधल्या इमारतींच्या नियमांत रूढ झाला. तिथल्या जुन्या हिशेबात दाराच्या 21 इंच रुंदीतून मिनिटाला 40 माणसे बाहेर पडतात, असे धरत. म्हणजे 42 इंची दारातून मिनिटाला 80 आणि अडीच मिनिटांत 200. सभागृहात 800 माणसे असतील तर अशी चार दारे हवीत. शिवाय एखाद्या दारापाशीच आग असू शकते, म्हणून आणखी एक जास्तीचे.

पेटणारी फीत

याच सुमारास गावोगावच्या ऑपेरा हाऊसांत सिनेमा शिरला आणि त्याच्याबरोबर एक नवा धोकाही आला. सुरुवातीच्या चित्रफिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हा पदार्थ बनतो. सुरुंगात वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचा हा जवळचा भाऊ. ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. म्हणून पेटलेली नायट्रेट फीत वाळू टाकून गुदमरत नाही आणि पाण्याखालीही जळत राहते. अशी फीत प्रखर आर्क दिव्यासमोर क्षणभर अडकली तरी पेट घेई.

म्हणून प्रोजेक्टरसाठी न जळणारी, स्वतंत्र खोली आली. तिच्या लहान खिडक्यांना झटकन पडणारी झापडे लावली गेली. ब्रिटनमध्ये 1909 च्या कायद्याने हे सक्तीचे झाले. भारतात 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटांच्या तपासणीबरोबर प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचाही समावेश होता. 1950 च्या सुमारास नायट्रेटची जागा सहज न पेटणाऱ्या अॅसिटेट फितीने घेतली. तरी जुन्या फितींचा धोका संपला नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या.

सिनेमाचे राजवाडे

सिनेमासाठी मुद्दाम बांधलेले भव्य ‘राजवाडे’ अमेरिकेत साधारण 1914 पासून उभे राहू लागले. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्ट्रँड थिएटर उघडले. 1925 मध्ये तिथल्याच रिव्होलीत कॅरियर यांची वातानुकूलन यंत्रणा आली आणि उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे भरू लागली. 1927 मध्ये उघडलेल्या रॉक्सी थिएटरात जवळजवळ 6,000 आसने होती. एवढी माणसे एका खेळाला आत घ्यायची आणि आधीच्या खेळाची तेवढीच बाहेर सोडायची, तर रुंद दालने, अनेक जिने आणि अनेक दारे हवीतच. संगमरवरी दालनांचा थाट डोळ्यांत भरे, पण गर्दीला वाट करून देणे हेही त्यांचे काम होते.

शिकागोत ज्या जागेवर इरोक्वा जळले, त्याच जागेवर 1926 मध्ये ओरिएंटल थिएटर हा तीन हजारांहून अधिक आसनांचा राजवाडा उभा राहिला. दूरदर्शनसंच घरोघर आल्यावर असे अनेक राजवाडे ओस पडले. रॉक्सी तर 1960 मध्ये पाडले गेले. ओरिएंटल मात्र दुरुस्त होऊन 1998 मध्ये नाट्यगृह म्हणून पुन्हा उघडले.

आपल्याकडे

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्‌घाटन 1911 मध्ये झाले. पुढे तिथे सिनेमा आला, 1993 मध्ये ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले. जीवितहानी झाली नाही, पण तिथे नाटके पाहत वाढलेल्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आले.

दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी नशीब इतके चांगले नव्हते. तळाच्या वाहनतळाजवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली आणि धूर वर चढला. खालच्या प्रेक्षागृहातले लोक निघू शकले. बाल्कनीत मात्र जादा खुर्च्या बसवण्यासाठी एका बाजूची वाट बंद केलेली होती. 59 माणसे मेली, बहुतेक सगळी गुदमरून. चित्रपटगृह दिल्लीचे, वर्ष 1997; पण वर चढणारा धूर, बाल्कनी आणि अडवलेली वाट या तिन्ही गोष्टी 1903 च्या शिकागोत होत्या त्याच.

वर्गाचे दार

या इतिहासात विज्ञान अवघड नाही. गरम वायू वर जातात, गर्दीचा दाब दारावर पडतो, हे सातवी-आठवीच्या मुलांनाही समजते. अवघड आहे ते समजलेले रोज पाळणे. झरोका बंद करणारा, जादा खुर्ची टाकणारा, फाटकाला कुलूप लावणारा, यांपैकी कोणालाही माणसे मारायची नव्हती. प्रत्येकाने छोटीशी सोय पाहिली, इतकेच.

शिक्षकांनी हा विषय शिकवताना एक प्रयोग जरूर करावा. मुलांना शाळेच्या सभागृहाच्या दारांची रुंदी मोजायला सांगावी. वर दिलेल्या हिशेबाने अडीच मिनिटांत किती जण बाहेर पडतील ते काढावे. मग सर्वांना शांतपणे बाहेर पडायला लावून घड्याळ लावावे आणि हिशेब व अनुभव ताडून पाहावेत. कोणते दार आत उघडते, कोणत्या जिन्याखाली मोडके बाक रचलेले आहेत, स्नेहसंमेलनाच्या दिवशी कोणते दार ‘फुकटे शिरतात’ म्हणून बंद ठेवले जाते, याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. ती यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली, म्हणजे हा धडा पुरा झाला.