मेकर शेड्युल आणि मॅनेजर शेड्युल म्हणजे काय? अर्ध्या तासाची मीटिंग अख्खी दुपार का खाते?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये 'स्लो' असा शेरा आला. तेव्हा माझा दिवस असा असायचा: ११ ला स्टँडअप, १२.३० ला रिव्ह्यू, ३ ला क्लायंट कॉल. तीनच मीटिंग, त्याही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. पण कोड लिहून व्हायचा रात्री, सगळे घरी गेल्यावर. मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

मेकर शेड्युल म्हणजे काय?

अमेरिकन प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये यावर एक लेख लिहिला. मॅनेजरचा दिवस तासातासाच्या खणांचा असतो. खण रिकामा दिसला की त्यात मीटिंग बसते, कारण त्याचं काम तेच. कोड लिहिणाऱ्याला मात्र निदान अर्धा दिवस सलग लागतो. बग शोधताना कुठलं फंक्शन कोणाला कॉल करतंय, डेटा नक्की कुठे बदलतोय, हे सगळं डोक्यात मांडावं लागतं. मध्येच उठलात की ती मांडणी मोडते आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

गिरणगावातही हेच झालं होतं

आमचं ऑफिस परळ भागात, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मालकांची नवी योजना: विणकराने दोनऐवजी तीन साचे (म्हणजे माग) सांभाळायचे. वहीत माणशी उत्पादन वाढलेलं दिसणार. पण एका साच्यावर धागा तुटला की तो जोडेपर्यंत उरलेल्या दोन साच्यांकडे कोण बघणार?

या दोघांच्या मध्ये असायचा जॉबर. माणसं तोच भरायचा, साचा बिघडला तर तोच बघायचा आणि वरचा हुकूमही तोच खाली आणायचा. आजचा टीम लीड मला तसाच वाटतो, सकाळी कोड आणि दुपारी मीटिंग. (तुलना फार ताणू नका. आपल्याकडे एसी आहे, त्यांच्या नाकात कापसाची धूळ जायची.)

मग करायचं काय?

फ्रेशरने 'मीटिंग कमी करा' म्हणून काही होत नाही. मी म्हणून पाहिलं, सर नुसते हसले. मग दोन आठवडे प्रत्येक टास्कपुढे लिहिलं, की ते करताना किती वेळा मध्येच उठावं लागलं. ती शीट मात्र सरांनी नीट पाहिली. त्यांनाही वर आकडेच द्यायचे असतात ना! रिव्ह्यू संध्याकाळी ५ नंतर गेला, दुपार मोकळी झाली.

ऑफिसच्या गूगल कॅलेंडरमध्ये 'फोकस टाइम' आहे का बघा, काही प्लॅनमध्येच मिळतो. तो लावला की त्या वेळेतल्या मीटिंगला आपोआप नकार देता येतो. नसेल तर साधा इव्हेंट टाकून 'बिझी' ठेवा आणि तेवढा वेळ फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावा. फक्त लीडचा नंबर अपवादात टाकायला विसरू नका. सर्व्हर बंद पडला तर तो फोन वाजलाच पाहिजे.