खंडशः प्रकाशन

पूर्ण कृती एकदम न विकता तिचे भाग आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला विकायचे आणि सगळे भाग हाती आल्यावर ग्राहकाने ते बांधून वा जोडून एक अखंड वस्तू करायची, अशी विक्रीपद्धती. ग्रंथ, शब्दकोश, चित्रसंग्रह यांसाठी ती सुरू झाली. विसाव्या शतकात नाणी, बाहुल्या, जहाजांच्या प्रतिकृती यांचीही विक्री अशीच होऊ लागली. नियतकालिकातील क्रमशः कादंबरी हिची जवळची नातलग असली तरी वेगळी आहे. तिथे वाचक मासिक विकत घेतो आणि कादंबरी त्यात येते. इथे भाग हीच विक्रीची वस्तू असते आणि त्याला शेवट ठरलेला असतो.

इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन याने १६७८ पासून लोहारकाम, सुतारकाम अशा कारागिरीवरील ‘मेकॅनिक एक्झरसाइझेस’ भागाभागांनी काढले. अठराव्या शतकात ही रीत रुळली, कारण दोन्ही बाजूंची पैशाची अडचण तिने सुटत होती. ग्राहकाला एकरकमी किंमत झेपत नसे. प्रकाशकालाही सगळा कागद व छपाई यांत आधीच पैसा अडकवावा लागत नसे; पहिल्या भागांच्या विक्रीतून पुढचे भाग छापता येत.

‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची पहिली आवृत्ती एडिंबरो येथे १७६८ ते १७७१ या काळात शंभर साप्ताहिक भागांत निघाली. साध्या कागदावरील भाग सहा पेन्सला मिळे. या पद्धतीचा मजकुरावर काय परिणाम होतो, हे त्या आवृत्तीच्या तीन खंडांत उघड दिसते. पहिला खंड ए आणि बी या दोनच अक्षरांत संपतो, दुसरा सी ते एल, आणि उरलेली सगळी वर्णमाला तिसऱ्यात. एकदा विकलेला भाग परत घेता येत नाही. सुरुवातीला सढळ हाताने दिलेली जागा पुढे काटकसरीने भरून काढावी लागते.

या पद्धतीचे सर्वांत मोठे यश म्हणजे चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ (एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७). चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांना रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या शिकारचित्रांना जोडून मजकूर हवा होता. पहिल्या भागानंतर लवकरच सीमूरने आत्महत्या केली. चित्रे कमी झाली, मजकूर वाढला आणि लेखक मुख्य झाला. तिसऱ्या भागापासून ठरलेला साचा असा : हिरवट कागदी वेष्टन, बत्तीस पाने, दोन चित्रे, मागेपुढे जाहिराती आणि किंमत एक शिलिंग. पहिला भाग सुमारे हजार प्रतींचा होता. चौथ्या भागात सॅम वेलर हे पात्र आल्यावर मागणी वाढत गेली आणि अखेरीस ती चाळीस हजारांच्या घरात पोचली. विक्रीचा आकडा दरमहा हाती येत असल्याने वाचकांची आवडनिवड लेखकाला लिहिता लिहिताच कळत होती. मे १८३७ मध्ये डिकन्सची मेहुणी मेरी होगार्थ वारली, तेव्हा एका महिन्याचा भाग निघालाच नाही. शेवटच्या जोडभागासोबत मुखपृष्ठ व प्रस्तावना दिली होती, म्हणजे बांधणीवाल्याकडे नेले की पुस्तक तयार. बांधताना वेष्टने व जाहिराती काढून टाकल्या जात. त्यामुळे मूळ भागांचा धड संच आज दुर्मीळ आहे आणि अभ्यासकांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा.

ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. दहा वर्षांत संपवायचे ठरलेले ते काम १९२८ पर्यंत चालले. संपादक जेम्स मरी १९१५ मध्येच निवर्तले होते. इतकी दशके वर्गणी चालू ठेवणाऱ्या ग्रंथालयांचे ऋण कोशवाङ्मयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवले पाहिजे.

मराठीत याच वळणाचे काम मासिक-पुस्तकांनी केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे (१८७४) ८४ अंक पुढे एकत्र ग्रंथ म्हणूनच वाचले गेले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने जुनी काव्ये, बखरी आणि ऐतिहासिक कागदपत्रे अंकाअंकांतून छापली. वर्गणीदार नसते तर त्यांतील किती कागद वाळवीच्या तोंडी गेले असते, या विचाराने आजही धस्स होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय इटलीने नव्याने उभा केला. मिलानच्या फाब्री बंधूंनी १९५८ पासून ‘कोनोशेरे’ हा मुलांचा ज्ञानकोश दर आठवड्याला वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर ठेवला. १९६३ पासून ‘ई माएस्त्री देल कोलोरे’ या मालेने चित्रकारांची रंगीत चित्रे अशाच रीतीने घरोघरी नेली. नकाशे छापणारी दे आगोस्तिनी ही संस्थाही या धंद्यात उतरली आणि देशोदेशी पसरली. पुढे अंक हा सोबतच्या वस्तूचे निमित्त ठरला : या आठवड्यात डोलकाठी, पुढच्या आठवड्यात शीड.

या धंद्याचे गणित गळतीवर बेतलेले असते. पहिला अंक मुद्दाम स्वस्त ठेवतात, जाहिरात जोरात करतात. नंतर किंमत चढते आणि घेणारे कमी होत जातात, म्हणून पुढच्या अंकांच्या प्रतीही कमी काढतात. मधला एखादा अंक चुकला तर तो मिळवताना नाकी नऊ येतात. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र सगळी किंमत शेवटच्या भागात असते, कारण सुकाणू नसलेले जहाज कोणी काचेच्या कपाटात ठेवत नाही. ईगलमॉस ही ब्रिटिश कंपनी २०२२ मध्ये बंद पडली आणि तिच्या चालू मालांचे संग्राहक अर्ध्या संचांसह अडकले. एकूण भाग किती आणि सगळ्यांची मिळून किंमत किती, हे पहिल्याच अंकाच्या वेष्टनावर ठळक छापणे प्रत्येक प्रकाशकाला सक्तीचे असावे.