आमचे गोपुर आणि दक्षिणेची वाट

मंडळाच्या भिशीच्या शिलकेतून यंदा सहल काढावयाची असे ठरले, तेव्हा कोठे जावे यावर सभेत चांगला पाऊण तास वाद झाला. तरुण सुनांचे मत सिंगापूर, बँकॉक, बाली यांच्या बाजूचे. वडीलधाऱ्या भगिनींना रामेश्वर हवे. त्या गलबल्यात मागच्या सतरंजीवरून एक भगिनी म्हणाल्या, "अहो, इतका खर्च करून तिकडे पाहायचे तरी काय? देवळे आपल्याकडे काय थोडी आहेत? आणि खायचे म्हणाल, तर चार दिवसांनी आपलीच भाकरी आठवणार!" सगळ्या हसल्या आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मंडळाचा पैसा खर्चावयाचा, तर पाहण्यासारखे काय आणि खाण्यासारखे काय हे सांगता आले पाहिजे. संपादिकाबाईंनी या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर लिहावे असे मनात आले. हे उत्तर शोधावयास फार लांब जावे लागत नाही. ते आपल्या गणपतीच्या देवळासमोर उभे आहे.

आपल्याकडच्या देवळांची ठेवण आपल्याला पाठ आहे. गाभाऱ्यावर शिखर असते, महाद्वारावर फार तर नगारखाना असतो. तासगावास मात्र द्वारावरच सात मजली गोपुर आहे, सुमारे ९६ फूट उंच. लहानपणापासून पाहत आल्यामुळे आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. पण कोकणातून किंवा पुण्याकडून पाहुणे आले की ते पहिल्याने हेच विचारतात, "हे मद्राशी गोपुर इथे कसे हो?"

ते आले एका प्रवाशामुळे. परशुरामभाऊ पटवर्धन (१७३९–१७९९) हे पेशवाईतील नामांकित सेनापती. हैदरअलीशी आणि पुढे टिपूशी लढण्यासाठी त्यांची कर्नाटकात वारंवार जाणी-येणी झाली. स्वारीत असताना त्यांनी तिकडची देवालये पाहिली, गोपुरे पाहिली, आणि तसे गोपुर आपल्या गावच्या गणपतीस असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १७७९ साली देवळाचे काम सुरू झाले. त्यासाठी कर्नाटकातून कारागीर आणले, असे सांगतात. काम वीस वर्षे चालले. १७९९ साली ते पुरे झाले, आणि त्याच वर्षी कोल्हापूरकरांशी पट्टणकुडी येथे झालेल्या लढाईत भाऊ पडले.

आपण रोज ज्या गोपुराखालून जातो, ते एका माणसाने परमुलखात डोळे उघडे ठेवून फिरल्याचे फळ आहे. भाऊंनी "देवळे आपल्याकडे काय थोडी आहेत?" असे म्हटले असते, तर तासगावास तासगावची खूण मिळाली नसती.

इतिहास सांगावयाचा तर मात्र सगळा सांगावा. १७९० ते १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत भाऊ होते. धारवाडच्या किल्ल्यास त्यांनी महिनोन्महिने वेढा घातला, आणि तो १७९१ च्या एप्रिलात हाती आला. त्याच वर्षी त्यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्तीही त्यातून सुटली नाही. त्या वेळी शृंगेरीच्या स्वामींना मदत पाठविली ती टिपूने, आणि त्याविषयीची त्याची पत्रे मठात सापडली आहेत. आपल्या गावच्या थोर पुरुषाच्या चरित्रातले हे पान वाचताना मला वाईट वाटले. एकदा वाटले, स्मरणिकेत हे कशाला? मग वाटले, येथेच सांगावयास हवे. एकाच फौजेच्या वाटेवरून गोपुराची कल्पना घरी आली आणि लुटीची पोतीही आली. पोत्यांचे काय झाले ते कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. गोपुर अजून उभे आहे. परमुलखात जाणाऱ्याने तेथून काय घेऊन यावे, याचा धडा यातच आहे.

आता गोपुराच्या माहेरी जाऊ. माझ्या मते आपल्या मंडळाने पहिल्याने तंजावरास जावे. मिरजेस गाडीत बसावे, बंगळुरावरून खाली उतरावे. वाट थोडी वाकडी केली तर श्रीरंगपट्टणही पाहता येते. जेथवर आपल्या फौजा गेल्या होत्या ते हेच ठिकाण, आणि रंगनाथाचे गोपुरही तेथे आहे. पुढे त्रिचनापल्लीजवळ श्रीरंगम्. तेथील राजगोपुर सुमारे २३६ फुटांचे. शतकानुशतके अपुरे राहिलेले ते काम १९८७ साली पुरे झाले. आपल्या गोपुराच्या अडीचपट उंचीचे ते गोपुर पाहिले म्हणजे मान दुखते आणि गर्वही थोडा उतरतो.

तंजावरास पोहोचले की मात्र कोडे पडते. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या देवळात द्वारावरची गोपुरे ठेंगणी आहेत, आणि गाभाऱ्यावरचे विमान सुमारे २०० फूट वर गेले आहे. म्हणजे आपल्याकडच्यासारखेच, उंची देवाच्या माथ्यावर! दारावरची गोपुरे वाढत गेली ती पुढच्या शतकांत, विजयनगरच्या आणि नायक राजांच्या काळात. आपल्या भाऊंनी पाहिली ती ही नंतरची रीत. एका जागी उभे राहून दोन्ही रीती समजतात, हे पुस्तक वाचून कळत नाही.

त्याच देवळाच्या आवारात मी तासभर एका भिंतीपाशी उभी होते. तमिळ अक्षरांच्या मुलखात त्या भिंतीवर ओळीमागून ओळी देवनागरीत आणि मराठीत कोरलेल्या आहेत. भोसले घराण्याची ही हकीकत दुसरे सर्फोजी महाराज यांनी १८०३ साली कोरविली. मराठीतला इतका मोठा शिलालेख दुसरा नाही. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, तेथे मराठ्यांचे राज्य होते, हे शाळेत पाठ केले होते. पण घरापासून इतक्या दूर दगडावर आपली अक्षरे भेटतात, तेव्हा गाव सोडून गेलेल्या मावशीचे पत्र सापडावे तसे होते. माझ्या शेजारची तमिळ बाई कौतुकाने पाहत होती. मी तिला खुणेने सांगितले, हे मला वाचता येते. तिने आपल्या मुलीला पुढे ओढून ते दाखविले.

सरस्वती महाल हे तंजावरचे ग्रंथालय तर पाहावेच पाहावे. सर्फोजींनी जमविलेली संस्कृत, तमिळ, मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद तेथे आहेत. त्यातच 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील पदार्थांचा ग्रंथ आहे. स्वयंपाकघरातले ज्ञान ग्रंथालयात ठेवण्यासारखे आहे, असे त्या राजास दोनशे वर्षांपूर्वी वाटले, ही गोष्ट आपल्या घरांतील पुरुषमंडळींच्या कानांवर घालण्यासारखी आहे.

आता खाण्याचे. सांबाराची गोष्ट सर्वांनी ऐकली असेल. तंजावरच्या राजवाड्यात आमटीस आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली. पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून नाव पडले सांबार. ही गोष्ट म्हणून गोड आहे, इतिहास म्हणून तिला कागदाचा आधार नाही. आधार आहे तो पानावरच. तंजावरच्या मराठी घरांत डांगर पचडी करतात. उडदाच्या पिठाचे आपले डांगर ते हेच! तमिळ मिठाईच्या दुकानात 'पोळी' मागितली तर पुरणाची पोळी हातावर येते. उलट आपल्या घरी मुलांच्या डब्यांत इडली असते, आणि तिला परकी कोण म्हणतो? कावेरीकाठच्या तांदळाचा भात, त्यावर सांबार, रसम्, ताक, हे सारे केळीच्या पानावर ओळीने जेवले, की जेवणातही गोपुरासारखे मजले असतात हे पटते. मागच्या सतरंजीवरच्या भगिनींना मी एवढेच सांगेन की भाकरी आठवेल, जरूर आठवेल. पण पिठले-भाकरीचा आचारी बरोबर नेऊन परदेश पाहणाऱ्यांनी अर्धाच प्रवास केलेला असतो.

दक्षिणेची आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाने जाणून घ्यावी. पूर्वी बाईमाणसाने लांबचा प्रवास करणे म्हणजे जिवावरचे काम. काशी-रामेश्वर करणाऱ्या बायका वाटेत आजारी पडत, बाळंत होत. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली. त्यांतील कित्येकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबेचे, ओरत्तनाडचे मुक्तांबेचे. १८०१ साली सर्फोजींनी इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस शिजविलेला भात, शिजविलेले नको असेल त्यास शिधा, आजाऱ्यास वैद्य, तान्ह्या मुलास दूध, आणि वाटेत दिवस भरलेल्या बाईची घरच्यासारखी काळजी. जेवणाखाणाची आणि जिवाची हमी मिळाली, की बायका घराबाहेर पडतात. आज ती हमी आगगाडी, बँकेतले पैसे आणि बरोबरच्या चार मैत्रिणी देतात.

आणि सिंगापूर-बँकॉकचे काय? सुनांनो, तुमचेही खरे आहे. गोपुराची वाट तंजावरास संपत नाही. राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ याने १०२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून श्रीविजयाच्या राज्यावर आरमार पाठविले. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, जावा बेटावर प्रंबानन येथे शिवाचे देऊळ उभे राहिले, आणि त्याच्या पश्चिमेच्या दालनात आपला गणपती बसला आहे. बँकॉकला तर कलेच्या सरकारी खात्याची मुद्राच गणपतीची आहे. सिंगापुरात चिनी वस्तीच्या मध्यावर १८२७ साली तमिळ लोकांनी मारियम्मेचे देऊळ बांधले, आणि त्याच्या दारावर रंगीत मूर्तींचे गोपुर आहे. तेथे कोणी लुटावयास गेले नव्हते. पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसांनी देव आणि केळीचे पान बरोबर नेले. म्हणून सिंगापुरास अवश्य जावे, पण बाजारातली खरेदी आटोपून एक सकाळ त्या गोपुराखाली उभे राहावे. तासगावच्या बाईस ते पाहून जे वाटेल, ते इतर प्रवाशांस वाटणार नाही.

कोणी म्हणेल, आपण लोकांकडचे पाहावयाचे, मग लोकांनी आपल्याकडचे काय पाहावे? त्यांना आपण बेदाणा द्यावा. तासगावच्या बाजारात लागणाऱ्या बेदाण्याच्या सौद्यास दूरदूरचे व्यापारी येतात. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण 'बेदाणा' हा शब्द फारसी आहे. बे-दाणा, म्हणजे बिनबियांचा. त्याचा वेल इराण-तुर्कस्थानच्या बाजूचा. तो कॅलिफोर्नियात गेला, तेथे त्यास थॉमसन हे नाव मिळाले, आणि त्या नावाने तो आपल्या शेतात आला. गोपुर दक्षिणेचे आणि बेदाणा पश्चिमेचा! या दोन्हींवाचून तासगाव कोणी ओळखील का? जे आज आपले म्हणून मिरवतो, ते कोणीतरी एकदा परमुलखात जाऊन पाहिलेले, चाखलेले होते.

माझ्या कै. सासूबाईंनी उभ्या जन्मात ऋषिपंचमीचा रथ चुकविला नाही. तीन मजली रथ दोरांनी ओढीत काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे निघाला, गुलाल-पेढ्यांची उधळण सुरू झाली, की त्या हात जोडून उभ्या राहत. एकदा मी विचारले, "रामेश्वरास जाऊन येऊ या का?" म्हणाल्या, "देव दारात असताना हिंडायचे कशाला?" मी तेव्हा गप्प बसले. पुढे त्यांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, रुमालात बांधलेले पैसे सापडले. बरोबर कागदाचा एक तुकडा होता आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात एक शब्द : रामेश्वर. घरच्या रगाड्यातून निघता येईल असे त्यांना कधी वाटले नसावे, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. ती रुखरुख मला अजून आहे.

म्हणून पुढच्या सभेत माझी सूचना अशी राहील. यंदा तंजावर, श्रीरंगम् आणि रामेश्वर; पुढे शिल्लक जमली की सिंगापूर. जाताना प्रत्येकीने तीन गोष्टी कराव्यात : रोज निदान एक जेवण तिथल्या रीतीचे जेवावे, एक पदार्थ तिथल्या बाईकडून शिकून यावे, आणि आल्यावर मंडळात पाहिलेले सांगावे. ज्यांना निघणे कठीण वाटते, त्यांच्या घरी आपण दोघीतिघींनी जाऊन सासूबाईंशी आणि यजमानांशी बोलावे. आणि सासूबाईंनाही विचारावे, एकदा नव्हे, दोनदा. कोणाच्या ट्रंकेत काय बांधलेले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.